बंडानंतरची सकाळ लिहा

हिंदी चित्रपट लिहिणाऱ्या तमाम लेखक-लेखिकांना,



हे पत्र नटनट्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. बाई घर सोडणार की नाही, सोडलं तर कशापायी, आणि शेवटच्या रिळात ती जिवंत असणार की तिच्या फोटोला हार असणार, हे सगळं आधी तुमच्या कागदावर ठरतं. निर्माता, दिग्दर्शक, वितरक, सेन्सॉर बोर्ड नंतर येतात आणि आपापली कात्री चालवतात, याची मला कल्पना आहे. तरी पहिला शब्द तुमचा असतो.

मी पुण्यातल्या एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. मारहाण, संशय, दारू, हुंडा, नाहीतर रोजचा पाणउतारा यांना कंटाळलेल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकींना कायद्याचं कलम ठाऊक नसतं, सिनेमे मात्र त्यांनी भरपूर पाहिलेले असतात. बोलता बोलता त्या सिनेमातल्या बाईचा दाखला देतात. समोर बसलेला नवराही देतो, "ही स्वतःला सिनेमातली हिरॉइन समजायला लागलीय" म्हणून. तुम्ही लिहिलेल्या बंडखोर बाईचं आमच्या टेबलापाशी काय होतं, हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हिंदी सिनेमाने बंडखोर बाई भरपूर दाखवली, पुष्कळदा मनापासून दाखवली. पण तिला बंडाची परवानगी देताना अटी फार घातल्या. आधी तिच्यावर काहीतरी भयंकर गुदरलं पाहिजे. मग तिच्या वतीने कुणा पुरुषाने बोललं पाहिजे. तिने घरातून निघावं ते रिकाम्या हाताने. आणि निघाल्यावर तिचं पुढे काय झालं, ते कुणी विचारायचं नाही. या चारही अटी काढून टाका, एवढं मागण्यासाठी मी लिहिते आहे.

सुरुवातीला या अटी इतक्या घट्ट नव्हत्या. १९३५ साली होमी वाडियांचा 'हंटरवाली' आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स फिअरलेस नाडिया झाली आणि मुखवटा घालून, चाबूक उगारून गुंडांना झोडपू लागली. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या करत होती.

१९३७ साली आमच्या पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत, शांतारामबापूंनी 'कुंकू' केला. हिंदीत तो 'दुनिया न माने' झाला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली ही कथा. शांता आपटेंच्या नीराचं लग्न तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलं जातं. ती सासरी येते आणि संसार करायला साफ नकार देते. त्या घरातलं जुनं घड्याळ आठवून पाहा. केशवराव दात्यांचे काकासाहेब आपलं वय लपवू पाहतात, आणि ते घड्याळ टोल्यागणिक ते वय सांगत राहतं. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक आवाज कानावर आदळतो. या नीराला कुणी मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. हे लग्न मला मान्य नाही, एवढीच तिची तक्रार आहे, आणि पुरा चित्रपट त्या एका तक्रारीवर उभा आहे. शेवटी तिची सुटका होण्यासाठी काकासाहेबांना जीव द्यावा लागतो, तिथे लेखणी थोडी कचरली असं मला वाटतं. पण बंडाचं कारण म्हणून बाईचा नुसता नकार पुरेसा आहे, हे १९३७ साली लिहिलं गेलं होतं. शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच होत्या. करारावरून वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्याच दारात उपोषणाला बसल्या.

मग हा नकार अपुरा का पडू लागला?

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा तो खटला. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा निकालाचा सूर होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून गावोगावी मोर्चे निघाले, स्त्री संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

या खळबळीच्या ऐन मध्यात, १९८० साली, बी. आर. चोप्रांचा 'इन्साफ का तराजू' आला. कोर्टात बाईची दुसऱ्यांदा अब्रू कशी काढली जाते, हे त्याने लाखो लोकांना दाखवलं. त्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण त्याच चित्रपटाने बलात्काराचा प्रसंग इतका लांबवला, इतक्या बारकाईने दाखवला, की राग यायच्या आधी बघ्यांची सोय झाली. पुढच्या दशकात तीच वाट मळली. 'प्रतिघात'मधली प्राध्यापिका गुंडाविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते, तर तिला भर रस्त्यात विवस्त्र केलं जातं आणि मग तिच्या हाती कुऱ्हाड येते. 'जख्मी औरत'मध्ये तर पोलीस अधिकारी असलेल्या बाईलाही त्याच वाटेने जावं लागतं. पुरुष नायकाला बंड करायला अन्याय दिसला तरी पुरतो. बाईने मात्र आधी तो अंगावर सोसायचा, मग उठायचं.

याचा परिणाम आम्ही रोज पाहतो. एक बाई आली होती, वयाने चाळिशीकडे झुकलेली, एका शाळेत नोकरी करणारी. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. पगार नवऱ्याच्या हातात, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, फोन रोज रात्री तपासला जायचा, माहेरी जायचं तर आठ दिवस आधी परवानगी. हे सगळं सांगून झाल्यावर ती ओशाळल्यासारखी म्हणाली, "पण मॅडम, हात नाही उचलला हो त्यांनी कधी. माझी केस तशी काही मोठी नाही." तिच्या मनात मोठ्या केसचं एक माप होतं आणि त्या मापात ती बसत नव्हती. हे माप घडवणाऱ्यांत तिचं माहेर आहे, शेजार आहे, पोलीस ठाणं आहे. मोठ्या पडद्याचाही त्यात वाटा आहे.

म्हणूनच २०२०चा 'थप्पड' आला तेव्हा आमच्याकडे त्याची खूप चर्चा झाली. अनुभव सिन्हांबरोबर तो मृण्मयी लागू वायकूळ यांनी लिहिला. घरात पार्टी चाललेली, नवरा ऑफिसच्या रागात, आणि सगळ्यांदेखत नायिकेच्या, अमृताच्या, तोंडात एक बसते. एकच. त्यानंतर ती पसरलेलं घर आवरते, फर्निचर जागेवर लावते, रोजची कामं करते, आणि हळूहळू तिला कळतं की आपण इथे राहू शकत नाही. सगळे तिला विचारतात, एवढ्याशावरून? तुम्ही हाच प्रश्न चित्रपटाच्या मध्यभागी ठेवलात आणि उत्तर दिलंत की हो, एवढ्यावरून. आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या मनातलं माप त्या एका शब्दाने बदलतं. या एका चित्रपटाने आमचं जितकं काम हलकं केलं, तितकं दहा सूडकथांनी केलेलं नाही.

आता दुसरी अट, आवाजाची. १९९३ सालच्या 'दामिनी'ची कथा खरोखर धाडसाची आहे. श्रीमंत घरातली सून घरच्या मोलकरणीवर झालेला अत्याचार डोळ्यांनी पाहते आणि दिराविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. तिचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नाही. दुसऱ्या बाईसाठी, तीही घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी, ती घरदार, नवरा, मानमरातब पणाला लावते. लोक तिला वेडी ठरवतात, वेड्यांच्या इस्पितळात टाकतात. अशी नायिका हिंदीत क्वचितच लिहिली गेली. पण तीस वर्षांनंतर लोकांच्या तोंडी काय उरलं? सनी देओलच्या वकिलाने कोर्टातल्या तारखांवर केलेलं भाषण आणि त्याच्या हाताचं वजन. त्या भूमिकेला साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मीनाक्षी शेषाद्रीच्या दामिनीने जे केलं त्याच्या टाळ्या त्याच्या नावावर जमा झाल्या.

तेवीस वर्षांनी 'पिंक' आला. तीन नोकरदार मुली भाड्याच्या घरात स्वतःच्या हिमतीवर राहतात, एका रात्री त्यातल्या एकीने नकार दिला आणि त्या नकाराची किंमत त्यांना मोजावी लागते आहे. संमतीबद्दल इतकं स्वच्छ बोलणारा लोकप्रिय चित्रपट त्याआधी नव्हता. तरी नकाराचा अर्थ कोर्टाला समजावून सांगण्यासाठी उभे राहिले अमिताभ बच्चनच. मोठा नट असला की तिकिटं खपतात, पैसा उभा राहतो, हा व्यवहार मला कळतो. पण व्यवहार सांभाळूनही शेवटचं बोलणं मुलीला देता येतं. 'थप्पड'मध्ये अमृताची वकीलही बाईच आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं बोलणं कोर्टात होतच नाही. ओटीभरणाच्या दिवशी, घरच्या माणसांत, अमृता स्वतः सासूशी बोलते. आवाज चढवत नाही, पल्लेदार संवाद मारत नाही, जे वाटलं ते सांगते. कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचं असलेल्या बाईला वकिलाच्या भाषणापेक्षा हे बोलणं उपयोगी पडतं, कारण ते तिलाही जमण्यासारखं आहे.

तिसऱ्या अटीवर मी 'थप्पड'शीच भांडणार आहे, कारण आपल्या माणसाशीच भांडता येतं. अमृता नवऱ्याकडून काही मागत नाही. पोटगी नको, मालमत्तेत वाटा नको. प्रेक्षकाला तिचा अभिमान वाटावा म्हणून हे लिहिलेलं आहे, आणि तो वाटतोही. पण ही सवय जुनी आहे. पैशाला हात लावला नाही म्हणजे बंड निर्मळ, असा हिंदी सिनेमाचा नेम आहे. मग खऱ्या आयुष्यात एखादी बाई हक्काचा खर्च मागते तेव्हा सासरचे तिच्या तोंडावर म्हणतात, "स्वाभिमान वगैरे काही नाही, हिला पैसे हवेत." बाईसुद्धा मान खाली घालून म्हणते, मला त्यांचं काही नको, फक्त सोडचिठ्ठी द्या. दहा-पंधरा वर्षं तिने त्या घरात राबून काढलेली असतात. स्वयंपाक केला, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, नवऱ्याची नोकरी सांभाळली जावी म्हणून स्वतःची सोडली. त्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या घरातून ती एका पिशवीनिशी निघते आणि आपण तिला शाबासकी देतो.

कायदा याहून शहाणा आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर कुणाच्याही नावावर असो. स्त्रीधन तिचं असतं. निर्वाहाचा खर्च मागणं ही भीक नाही, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद होती आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. एक प्रसंग असा लिहून पाहा: नायिका शांतपणे कपाट उघडते, दागिन्यांच्या पावत्या, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, स्वतःचं आधार कार्ड एका फाइलीत लावते आणि मग बाहेर पडते. आम्ही प्रत्येक बाईला पहिल्या भेटीत हेच सांगतो. कुऱ्हाड उगारण्याइतकंच धैर्य या फाइलीला लागतं, आणि शेवटी उपयोगी फाइलच पडते.

बंडखोर बाईला शिक्षा देण्याचा सोसही याच अटीशी जोडलेला आहे. तिने जिंकलंच, तर तिच्याजवळ काही उरू द्यायचं नाही. 'मुघल-ए-आझम'मधली अनारकली भर दरबारात बादशहाच्या डोळ्याला डोळा भिडवून नाचते आणि मग तिला जिवंत राहण्यासाठी कायमचं नाहीसं व्हावं लागतं. 'गाईड'मधली रोझी १९६५ साली नवरा सोडते. पायात घुंगरू बांधून चितोडच्या वाटेवर मोकळी होणारी वहिदा रेहमान पाहताना आजही अंगावर काटा येतो. ती नुसती सुटत नाही, नर्तकी म्हणून नाव कमावते. पण उत्तरार्धात चित्रपट गाईड राजूच्या तुरुंगाकडे आणि त्याच्या संतपणाकडे वळतो, आणि रोझीच्या कलेचं पुढे काय झालं याचा पत्ता लागत नाही. 'द डर्टी पिक्चर'मधली सिल्क ज्या धिटाईने हसते, त्याच धिटाईची किंमत म्हणून तिला लाल साडी नेसून मरावं लागतं. २०१२च्या 'कॉकटेल'मध्ये कुणी मरत नाही, तरी वेरोनिकाची शिक्षा मला सगळ्यात जास्त टोचते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या मर्जीने जगणारी ही मुलगी. रस्त्यावर आलेल्या मीराला तीच आधार देते. मग प्रियकराच्या, गौतमच्या, आईला पसंत पडावं म्हणून ती स्वयंपाकघरात शिरते, कपडे बदलते, स्वतःला पुसून काढते. आणि एवढं करूनही गौतमला मीराच हवी असते. मुलींना यातून शिकवण मिळते ती एवढीच, की मैत्रीण म्हणून वेरोनिका चालेल, बायको म्हणून मीराच.

'सीता और गीता'सारख्या जुळ्या बहिणींच्या गोष्टी लोकांना का आवडतात, तेही इथे कळतं. सोसणारी एक आणि फटकावणारी दुसरी, चेहरा दोघींचा एकच. हेमा मालिनीची गीता काकूला सरळ करते तेव्हा थिएटरातली प्रत्येक बाई खूश होते. पण त्यासाठी सीतेला घराबाहेर जावं लागतं. तुम्ही आता त्या दोघी एका देहात लिहा. सकाळी डबा भरून देणारी आणि संध्याकाळी "आजपासून माझा पगार माझ्या खात्यात" असं सांगणारी, एकच बाई.

आणि मग चौथी अट, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. दार ओलांडल्यावर काय?

आपल्या सिनेमाला दार फार प्रिय आहे. बाई दार ओलांडते, संगीत वर चढतं, पडदा पडतो. महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' २००० साली मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी झाला. तब्बूची अदिती पुण्यातल्या घरातून ताठ मानेने निघते, आणि चित्रपट तिथेच संपतो. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त, म्हणजे हिंदीतल्या 'सुबह'मध्ये, स्मिता पाटीलची सुलभा शेवटी पुन्हा आगगाडीत बसते. ती कुठे उतरली, तिने कुठे खोली घेतली, मुलीला कधी भेटली, हे प्रश्न आमच्या टेबलावर येतात. अनामत रक्कम कोण देणार? एकट्या बाईला घरमालक खोली देईल का? मुलाच्या शाळेचा दाखला वडिलांच्या सहीशिवाय मिळेल का? रेशनकार्डावरचं नाव कसं वेगळं करायचं? पहिली दिवाळी कुठे काढायची? बायका बंडाला घाबरत नाहीत हो. त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळला घाबरतात, कारण ती सकाळ त्यांनी कधी पाहिलेलीच नसते, घरात नाही, शेजारात नाही, पडद्यावरही नाही.

ही सकाळ लिहिता येते, आणि तुमच्यातल्याच काहींनी ती लिहिली आहे. १९८२च्या 'अर्थ'मध्ये शबाना आझमीची पूजा नोकरदार बायकांच्या हॉस्टेलात जाते. अनोळखी खोली, अनोळखी मुली, कामाची शोधाशोध हे सगळं चित्रपट दाखवतो. नवरा परत येतो तेव्हा ती त्याला विचारते की हेच मी केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस का. त्याच्या उत्तरातच तिचा निर्णय आहे. दुसरा भला पुरुष लग्नाचं विचारतो, त्यालाही ती नाही म्हणते. रोहिणी हट्टंगडींची मोलकरीण तुरुंगात गेल्यावर तिच्या मुलीला पूजा आपल्याकडे घेते. एक बाई आणि एक मूल, असं नवं घर तिथे उभं राहतं.

२०२४च्या 'लापता लेडीज'मधली मंजूमाई तर मला या पत्राचं उत्तरच वाटते. छाया कदमने ती केली आहे. स्टेशनवर चहाची टपरी, समोर पेटलेली चूल, गिऱ्हाइकांची ये-जा, आणि सगळ्यांवर या बाईची नजर. नवरा आणि मुलगा तिच्याच कमाईवर जगून तिलाच मारत होते, तिने दोघांना हाकलून दिलं. हे चित्रपट आपल्याला मंजूमाईच्याच तोंडून जाता जाता सांगतो. त्या हाकलण्याचा प्रसंग दाखवतच नाही. दाखवतो काय, तर त्यानंतरचं आयुष्य: ती कमावते, खाते, झोपते, कुणाला घाबरत नाही, आणि हरवलेल्या नवविवाहित फूलला आसरा देते. फूल कलाकंद करते, तो विकला जातो, मंजूमाई तिच्या हातावर तिची कमाई ठेवते. आयुष्यातला पहिला स्वतःचा पैसा पाहून त्या पोरीचा चेहरा कसा होतो, ते पुन्हा एकदा पाहा. त्यात चाबूक, कुऱ्हाड, कोर्ट काहीच नाही. तरी माझ्या माहितीतल्या बायकांना त्या प्रसंगाने जितकं बळ दिलं, तितकं फार थोड्या प्रसंगांनी दिलं असेल.

एकटेपणाबद्दलही थोडं. बंडखोर बाई म्हटलं की तुम्ही तिला एकटी काढता. श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त, हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून केलेल्या त्या चित्रपटात, स्मिता पाटीलची उषा शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. ती खरी गोष्ट होती, तिचं एकटेपण मी नाकारणार नाही. पण त्याच स्मिता पाटीलचा 'मिर्च मसाला' आठवा. सुभेदारापासून पळालेली सोनबाई मसाल्याच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. आतल्या बायका सुरुवातीला तिलाच दोष देतात, जा म्हणतात, आमच्यावर संकट नको. मास्तर आणि मुखियाची बायको सोडली तर सारा गाव तिला सोपवायला तयार आहे. दार फुटतं, अबू मियाँ पडतो, आणि मग ज्या बायका कुरकुरत होत्या त्याच लाल तिखटाच्या भरलेल्या कापडांनिशी धावून येतात. शस्त्र त्यांच्या रोजच्या कामातलं आहे आणि हात अनेक जणींचे आहेत. आमच्याकडे एकटी आलेली बाई बहुधा परत घरी जाते. बहीण, मैत्रीण, शेजारीण बरोबर असली तर ती टिकते. हे तुमच्या पटकथेत येऊ द्या.

जातीचाही विचार करा. हिंदीतल्या बंडखोर बाईला आडनाव बहुतेक वेळा वरच्या जातीचंच असतं, आणि घर ऐसपैस. नागराज मंजुळेंच्या मराठी 'सैराट'ने बुलेट चालवणारी पाटलाची आर्ची दाखवली. खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या परश्यावरच्या स्वतःच्या प्रेमासाठी ती बापाच्या सत्तेकडे पाठ फिरवते. उत्तरार्धात हैदराबादच्या वस्तीतली खोली आहे, तिथला वास आहे, आईच्या आठवणीने रडणं आहे, कारखान्यातली नोकरी आहे. बंडानंतरची सकाळ तिथे पुरी लिहिली आहे, आणि त्या सकाळचा शेवट जात करते, हेही लपवलेलं नाही. त्याचाच हिंदीत 'धडक' करताना कथा उदयपूरला नेली आणि जातीची धार बोथट केली. मग मुलीच्या बंडाला वजनच राहिलं नाही, कारण ती नेमकं काय ओलांडते आहे, हेच पुसट झालं.

तुम्ही म्हणाल, बंडानंतरचं आयुष्य रुक्ष असतं, त्यात नाट्य कुठून आणायचं? मग तुमच्याच मुंबईतल्या रखमाबाईंकडे पाहा. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. १८८७ साली निकाल झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. खटल्याच्या काळात टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून त्यांनी बालविवाहावर जाहीर वाद घातला. लहानपणी, संमती न घेता लावलेलं लग्न मला बांधत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. अखेर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. पुढची कित्येक वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार केले. खटला चार वर्षांचा, आयुष्य त्यानंतर सहा दशकांहून जास्त. यातलं नाट्य कुठल्या भागात अधिक आहे, हे तुम्ही लेखक मंडळींनीच ठरवा. मला तर पहिल्यांदा स्टेथोस्कोप कानाला लावणाऱ्या रखमाबाई पाहायच्या आहेत.

तेव्हा पुढची बंडखोर बाई लिहायला बसाल तेव्हा माझ्या या मागण्या जवळ ठेवा. तिला पुरेसं कारण म्हणून तिचा नकार द्या. शेवटचं बोलणं तिला द्या, मग समोर कितीही मोठा नट असो. तिच्या हक्काचे पैसे तिला मागू द्या आणि ते मागताना तिची मान ताठ ठेवा. तिला मैत्रिणी द्या. आणि दार ओलांडल्यावर कॅमेरा बंद न करता तिच्याबरोबर पुढे चला, भाड्याच्या खोलीपर्यंत, पहिल्या पगारापर्यंत, मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत. ती कधी चुकेल, कधी रडेल, कधी परत जावंसं वाटेल तिला. तेही लिहा, फक्त ते तिची शिक्षा म्हणून लिहू नका.

आमच्याकडे उद्याही कुणीतरी येईल आणि विचारेल, "बाहेर पडले तर माझं पुढे काय होईल?" आम्ही आमच्या परीने उत्तर देतोच. पण हे उत्तर तिने आधीच कुठेतरी पाहिलेलं असेल, तर तिला आमच्या दारापर्यंत यायला इतकी वर्षं लागणार नाहीत. ते दाखवण्याची ताकद तुमच्या हातात आहे, आणि ती तुम्ही वापरावी अशी मनापासून विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पुण्यातल्या एका कौटुंबिक सल्ला केंद्रातली कार्यकर्ती